गंजलेली चौकट भिंतीतून काढताना

दाराची पत्र्याची चौकट खालूनच गंजते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बाथरूमची तर फरशीपासून चार-सहा इंच पार पोखरलेली असते. पाय फरशीत गाडलेले, रोज तिथे पाणी मुरतं आणि चौकटीमागची पोकळी बहुतेक वेळा कुणी नीट भरलेलीच नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून बाजूच्या प्लास्टरला उभी भेग पडते. त्या भेगेत पुट्टी भरून रंग मारणं ही नुसती सारवासारव.

पल्ला उतरवल्यावर लगेच चौकटीला हात घालू नका. आधी तिच्या वरचं सहा इंच प्लास्टर काढून लिंटेल, म्हणजे वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी तुळई, आहे का ते बघा. जुन्या इमारतींत आतल्या साडेचार इंची भिंतींना कधीकधी ते नसतंच; गवंड्याने विटांचे थर सरळ चौकटीवर चढवलेले असतात. अशी चौकट ओढली की वरच्या विटा डोक्यात. तिथे विटांना टेकू देऊन तयार लिंटेल घालावं लागतं, दोन्ही बाजूंना निदान सहा इंच भिंतीवर बसेल असं. बटणांचा बोर्ड शेजारी असेल तर मेन स्विच बंद करा.

खरा घोळ होतो तो घण घातल्यामुळे. प्रत्येक बाजूला साधारण तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट धरून ठेवणारे लोखंडी पट्टीचे तुकडे, भिंतीत रुतलेले असतात. हिसका दिला की ते विटांसकट बाहेर येतात आणि तासाभराच्या कामाचं दोन दिवसांचं गवंडीकाम होतं. चौकटीलगतचं प्लास्टर फोडून होल्डफास्ट शोधा, ग्राइंडरने कापा. मग उभा खांब मधोमध कापून दोन्ही तुकडे आतल्या बाजूला वळवून काढा. भिंतीत उरलेलं टोक विटेच्या आत इंचभर खोल कापून त्याला रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) लावा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत तिथेच तांबडा डाग उमटतो. टाइल्सवर ओलं गोणपाट टाका. ठिणग्या ग्लेझला चिकटतात, मागाहून घासून निघत नाहीत.

नव्या चौकटीचं माप प्लास्टरवरून घेऊ नका, उघड्या विटांवरून घ्या. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि त्यातलं सर्वांत लहान धरा. दोन्ही बाजूंना दहा-बारा मिलिमीटर मोकळे सोडा. बाथरूमला मी तर ग्रॅनाइटचीच चौकट सुचवेन. पत्र्याचीच हवी असेल तर मागच्या बाजूला बसवण्याआधीच दोन हात एपॉक्सी प्रायमर द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

बिजागरीची बाजू आधी उभी करा. ओळंबा समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून लावा. चौकटीच्या दोन्ही कर्णांच्या मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग मधोमध, चौकटीच्या आतल्या रुंदीइतकीच, आडवी फळी ठोका. ही फळी बरेच जण विसरतात. मागे काँक्रीट भरलं की पत्रा आत फुगतो आणि पल्ला नेमका मध्येच अडतो. मग सुतार बिचारा रंधा मारत बसतो.

भरण १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी), बारीक खडीचं. एकदम नाही, तिसरा हिस्सा भरायचा, सळईने ठासायचा, तो आळला की पुढचा. हातोडीच्या दांड्याने चौकटीवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथे परत भरा. सात दिवस पाणी मारा, फळी निदान तीन दिवस काढू नका आणि पल्ला त्यानंतरच टांगा.