नाव कोणत्या भाषेतलं?

(नांदेडमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थ्यानं मोबाइलवर क्रॅशचा स्टॅक ट्रेस (प्रोग्रॅम कोसळला तेव्हा चालू असलेल्या फंक्शनांची यादी) दाखवला आणि त्यातल्या एका फंक्शनाकडं बोट दाखवून विचारलं, "सर, हे नाव असं का दिसायलंय?" तिथूनच सुरू करतो. स्लाइड नंतर बघू.

सी भाषेत नाव बदलण्याची ही कटकट नाही. फंक्शनचं नाव 'ॲड' असेल तर लिनक्सवर बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलीतही, ते ॲडच. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात, मग कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरनं ती ओळखायची कशी? म्हणून कंपायलर फंक्शनला मिळणाऱ्या माहितीचे प्रकारही नावातच कोंबतो. दोन इंट (पूर्णांक) घेणाऱ्या ॲडचं होतं अंडरस्कोर, झेड, 3, ॲड आणि पुढं दोनदा आय. 3 म्हणजे नावातली अक्षरं, एकेक आय म्हणजे एकेक इंट. हे मँगलिंग, आणि ते उलगडणं म्हणजे डीमँगलिंग. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची नावं प्रश्नचिन्हानं सुरू होतात, स्विफ्ट 5 ची डॉलर आणि एसनं.

खरी पंचाईत रस्ट या भाषेची. रस्टच्या जुन्या पद्धतीनं सी++चाच साचा उचलला. शेवटी फक्त 17, एच, 16 हेक्स अंकांचा हॅश (म्हणजे ओळखखूण) आणि ई. (एच धरून 17 अक्षरं, म्हणून 17.) सी++चा डीमँगलर हे नाव बिनतक्रार उलगडतो आणि तो हॅश म्हणजेच फंक्शनचं नाव समजून पुढं ठेवतो. जिथं 'पेक्षा लहान'चं चिन्ह हवं तिथं डॉलर-एलटी-डॉलर तसंच राहतं.

क्रॅशच्या नोंदी वाचणाऱ्या आमच्या टूलनं नेमकं हेच केलं. कंपायलरची किंवा क्रेटची (रस्टमधल्या कोडच्या पॅकेजची) आवृत्ती बदलली की हॅश बदलायचा, आणि एकच बिघाड क्रॅशच्या यादीत निरनिराळ्या नावांनी विखुरला जायचा. प्रत्येकाची संख्या किरकोळ, त्यामुळे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आपल्या भागाला हे नवं नाही. निजामाच्या काळातले महसुली कागद बाहेर निघाले की मजकुराच्या आधी लिपी बघावी लागते. उर्दू आहे की मोडी? मोडी वाचणाऱ्याच्या हाती उर्दू कागद दिला तर तो निदान "मला येत नाही" म्हणून परत करतो. आमचा डीमँगलर तेवढाही प्रामाणिक नव्हता.

आणि भाषा ओळखायला नावाच्या तोंडाकडं बघत बसायची गरजच नसते. ड्वॉर्फ या डीबग माहितीच्या मांडणीत प्रत्येक कंपाइल युनिटवर (एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडच्या तुकड्यावर) भाषेचा क्रमांक लिहिलेला असतो. सी++ 4, रस्ट 28. फंक्शनचं पूर्ण नाव जुळवताना टूल या माहितीच्या झाडात वर चढत नेमस्पेस, क्लास गोळा करतं. मधे दुहेरी कोलन घालायचे की जावासारखा टिंब, हेही या क्रमांकावरूनच ठरतं. पण इथंही एक खड्डा आहे. 2017 मध्ये आलेल्या ड्वॉर्फ 5 नं सी++14 ला वेगळा क्रमांक दिला, 33. फक्त 4 तपासणाऱ्या टूलला त्या दिवसापासून सी++ परकी झाली.

त्याहून नाजूक जागा इनलाइनिंगची. हल्ली रस्ट आणि सी++ एकत्र लिंक करताना ऑप्टिमायझर रस्टचं फंक्शन सी++च्या फंक्शनात मिसळून टाकू शकतो. मग त्याचं नाव कोणत्या नियमानं वाचायचं? लेक नांदायला दुसऱ्या गावी गेली तरी तिची जन्मनोंद माहेरच्याच गावात सापडणार. इनलाइन नोंदीत मूळ फंक्शनाकडं बोट दाखवणारा दुवा असतो. तो धरून मूळ युनिटपर्यंत जायचं आणि तिथली भाषा घ्यायची. आपण जिथं उभे आहोत तिथली नव्हे. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

भाषा कळलीच नाही तर? माझं मत स्पष्ट आहे: नाव जसं आहे तसं छापा. कच्चं नाव ओंगळ दिसतं, पण उद्या कुणीतरी योग्य टूलनं ते उलगडू शकतो. अर्धवट उलगडलेल्या नावावरून मूळ नाव परत मिळेलच असं नाही.

आता तुमचा ट्रेस. ते नाव अंडरस्कोर आणि आरनं सुरू होतं, म्हणजे रस्टची नवी पद्धत. तुमचं टूल जुनं आहे. त्याला ते कळलं नाही आणि त्यानं ते तसंच ठेवलं. लॅपटॉप आणलाय का? मग या इकडं, सगळ्यांसमोरच उलगडू.