परकी भाषा: वय, तास आणि माणसे

(उदगीर येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज सभागृहात शिरताना दारातच एका आईने मला थांबवले. त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याला इंग्रजी आताच सुरू करावे की पहिलीपर्यंत थांबावे, आणि थांबल्यास उशीर तर होणार नाही ना, असे त्यांनी विचारले. त्यांच्या प्रश्नातली घाई मला ओळखीची आहे, कारण एका ठरावीक वयानंतर भाषा येतच नाही, ही समजूत आता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे.

ही समजूत निराधार नाही. मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये, आणि भाषाशास्त्रज्ञ लेनबर्ग यांनी १९६७ मध्ये असे मांडले की, भाषा आपोआप अंगवळणी पडण्याचा काळ मर्यादित असतो: पेनफिल्ड यांच्या मते सुमारे नवव्या वर्षापर्यंत, तर लेनबर्ग यांच्या मते वयात येईपर्यंत. मात्र लेनबर्ग यांचा विचार प्रामुख्याने पहिल्या भाषेविषयी होता. तो परक्या भाषेच्या तासिकेला जसाच्या तसा लावला गेला आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

कानापुरते पाहिले तर लहान वयाचे महत्त्व वादातीत आहे. कॅनडात वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यांतला फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो कळला. आपल्या मुलांची ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत कधी गल्लत होत नाही, पण इंग्रजीतल्या ज्या दोन ध्वनींसाठी आपल्याकडे एकच ‘व’ आहे, ते वेगळे ऐकू येणे आपल्यालाही पुढे जड जाते. म्हणजे कान पहिल्या वर्षातच घरच्या भाषेपुरता घडू लागतो.

मग अडीच वर्षेही उशीरच, असे कोणी म्हणेल. यावर पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला प्रयोग पाहावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारी माणसे बसून खेळली, पुस्तके दाखवत बोलली, ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. ज्यांना तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून मिळाले, त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. बाळ भाषा शिकते ते समोरच्या माणसाकडून. मोबाईलवरची इंग्रजी बडबडगीते लावून मूल जेवते हे खरे, पण तेवढ्याने भाषेचे काम झाले असे समजू नये.

दारातल्या त्या ताईंना मी विचारले की, घरात कोण कोणत्या भाषेत बोलते. त्या म्हणाल्या, सासूबाई कानडी बोलतात, पण नातवाचा गोंधळ नको म्हणून आम्हीच त्यांना त्याच्याशी कानडीत बोलू नका असे सांगितले आहे. मला वाईट वाटले. उदगीर, देगलूर, उमरगा या पट्ट्यात कानडी, तेलुगू, उर्दू घराघरांत आणि बाजारात नांदते. तांड्यावर बंजारा समाजाची गोरमाटी आहे. दिवसभर मांडीवर घेऊन बोलणारी आजी ज्या भाषेत मिळते ती भाषा फुकट येते, आणि दोन भाषा ऐकत वाढलेले मूल काही दिवस शब्दांची सरमिसळ करत असले, तरी त्यात बिघडण्यासारखे काही नसते.

शाळेत शिकायच्या परक्या भाषेचा हिशेब मात्र वेगळा आहे. पस्तीस मिनिटांच्या सहा तासिका आठवड्याला धरल्या, तर वर्षाकाठी सव्वाशे तासांच्या आसपास इंग्रजी कानावर पडते. घरची भाषा, दिवसाचे दहा तास जागेपण धरले तरी, वर्षाला साडेतीन हजार तासांहून अधिक मिळते. त्यातून वर्गात पस्तीस मुले असतील, तर एका तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिटही येत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचे यांतलेही निम्मे तास बुडतात.

इतक्या तोकड्या तासांत लहान वयाचा फायदा उरत नाही. हॉलंडला राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास स्नो आणि हूफनागल-हूले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने डच शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले, आणि तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे राहिली. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची, शिकण्याचे तास सारखे ठेवून, तुलना केली. उशिरा सुरू केलेली मुले पुढे निघाली. मोठ्या मुलाला वाचता येते, नियम कळतो, आपल्या भाषेशी ताडून पाहता येते. लहान मुलाची ताकद न कळत शिकण्यात आहे आणि तिला हजारो तास लागतात.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. विषय म्हणून भाषा लवकर सुरू करणे आणि सगळेच शिक्षण त्या भाषेतून घेणे या दोन गोष्टी पालक एकच समजतात, हे मला अधिक धोक्याचे वाटते. तांड्यावरच्या मुलाला शाळेतली मराठीच दुसरी भाषा असते. त्याला बेरीज-वजाबाकी तिसऱ्या भाषेत शिकवली, तर चुकते ते गणित की भाषा, हे बाईंनाही कळत नाही.

माझ्या वडिलांनी गावातली चौथी मराठीत केली आणि दहा-अकराव्या वर्षी ते तालुक्याच्या शाळेत आले. हैदराबाद संस्थानातली ती शाळा. सगळे विषय उर्दूतून. पहिले वर्ष फार जड गेले, असे ते सांगत. पण उर्दू बाजारात होती, कचेरीत होती, शेजारच्या ओट्यावर होती. नुक्त्याचे, म्हणजे ज़, फ़ यांसारखे, उर्दू उच्चार त्यांना अखेरपर्यंत नीट जमले नाहीत. तरी जुने उर्दू दस्त वाचून घ्यायला गाव त्यांच्याकडेच येत असे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती परकी भाषा शिकायची ते विचारले. मुलांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोटचे वेड होते. त्या वयाला आपण ही भाषा का शिकतो, हे मुलालाच सांगता येते. हे कारण अडीच वर्षांच्या मुलाकडे नसते. ते त्याच्या आईबापांचे असते.

उशिराची धास्तीही अवाजवी आहे. सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते असे दिसले. जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्यांइतकी सफाई हवी असेल, तर दहा-बाराव्या वर्षापर्यंत सुरुवात झालेली बरी, एवढेच त्या संशोधकांनी म्हटले आहे. आणि तेही भाषेचा सहवास मिळणाऱ्यांबाबत. माझे स्वतःचे मत विचाराल तर, मराठी अडखळत न वाचता येऊ लागली की, म्हणजे आठ ते दहाच्या दरम्यान, परकी भाषा नेटाने सुरू करावी.

व्याख्यानानंतर एका शिक्षकांनी विचारले की, मग पहिलीपासूनचे इंग्रजी बंद करायचे का. बंद कशाला करायचे? ज्या बाईंना स्वतःला इंग्रजीत मोकळे बोलता येते, त्यांनी पहिली-दुसरीत गाणी म्हणावीत, ‘ऊठ, बस, दार लाव’ असे खेळ घ्यावेत, गोष्ट सांगावी. मुलांनी उत्तर मराठीत किंवा गोरमाटीत दिले तरी ते ऐकून घ्यावे. स्पेलिंगच्या वह्या तिसरीपर्यंत दप्तरात नसल्या तरी चालतील.