दर आठवड्याला एकच राक्षस का?

(वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीतलं व्याख्यान. थोडं कापून, थोडं नीट करून.)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जपानी महानायक मालिका : खलपात्रांच्या निष्ठा व कथानकातील त्रुटी’. हे माझं मराठी नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की राक्षस एकेकटेच का येतात यावर बोलतो. चिटणीसांनी त्याला इस्त्री करून कोट घातला.

समोर बघतोय तर निम्मे माझ्या वयाचे, म्हणजे दूरदर्शनवर जायंट रोबोट पाहिलेले. उरलेले त्यांच्या मुलांच्या वयाचे, म्हणजे पॉवर रेंजर्सवाले. त्यामुळे रंगीत हेल्मेट, हात फिरवून घेतलेली पोज आणि विनाकारण मागे होणारा स्फोट, हे समजावत बसायची गरज नाही. आणि जे नुसते पंख्याखाली बसायला आलेत, त्यांचंही स्वागत आहे.

तर जायंट रोबोट. मूळ मालिका जपानमध्ये १९६७-६८ ची, भाग फक्त २६. आपल्याकडे आली ऐंशीच्या दशकात. गिलोटिन नावाचा सम्राट अंतराळातून येतो, समुद्राच्या तळाशी दडून बसतो आणि पृथ्वी जिंकायला माणसं आणि अजस्र प्राणी पाठवतो. त्याला आडवा येतो एक शाळकरी पोरगा, मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोट चालवणारा. जपानीत दाइसाकू, इंग्रजी अवतारात जॉनी. रोबोट त्याचंच का ऐकतो? तर सुरू होताना यंत्रात पहिला आवाज गेला तो त्याचा. म्हणजे नायकाची सगळी पुण्याई काय, तर तो वेळेवर बोलला! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता. ज्यांचा टीव्ही, त्यांच्या मुलाकडे घड्याळही होतं, तेव्हा जॉनी कोण यावर मतदान झालं नाही. वाड्यातला सगळ्यांत उंच मुलगा रोबोट. गिलोटिन मी, कारण आजीचं जुनं लुगडं पाठीवर बांधायला माझ्याकडेच मिळत होतं. माझ्या हाताखाली चार राक्षस. पहिल्या दिवशी सगळं टीव्हीत होतं तसं झालं. मी हौदाच्या कट्ट्यावरून ओरडायचो, ‘जा!’ एक जायचा, मरायचा, कडेला जाऊन बसायचा. मग दुसरा. चौघं मेले, मीही मेलो, सगळे जेवायला गेले.

रात्री अंथरुणावर मला प्रश्न पडला, की आपण चौघांना एकदम का नाही पाठवलं? दुसऱ्या दिवशी पाठवलं. जॉनी खाली, रोबोट हौदात. इतिहासात पहिल्यांदा गिलोटिन जिंकला! तेवढ्यात जॉनी रडत उठला आणि म्हणाला, ‘असं नसतं! एकेकानंच यायचं असतं!’ कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, टीव्हीत. आणि टीव्ही त्यांचा.

तिसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर उभा राहिलो तर समोर सैन्यच नाही. चौघंही राक्षस जॉनीच्या पायरीवर बसून लिमलेटच्या गोळ्या चोखत होते. आपल्याकडे दारूगोळ्यापेक्षा फितुरीने किल्ले जास्त पडले असं म्हणतात. माझा नुसत्या गोळ्यांवर गेला. पण गंमत पुढेच आहे. जॉनीने गोळ्या चार आणल्या होत्या, राक्षसांपुरत्या. रोबोट आपलाच, त्याला कशाला द्यायची? थोड्या वेळाने तो उंच मुलगा कट्ट्याशी आला, इकडेतिकडे बघून मला म्हणाला, ‘तुझ्याकडे काय मिळतं?’ मी आजीच्या डब्यातली आवळासुपारी काढली. पुढची दहा मिनिटं जायंट रोबोट गिलोटिनच्या बाजूने लढला, आणि ती जपानलाही कधी सुचली नाही अशी लढाई होती. मग आजीला चिखलातलं लुगडं दिसलं. तिथे दोन्ही साम्राज्यं एकदमच संपली.

(चिटणीस घड्याळाकडे बघतायत. मी विषयावरच आहे, साहेब.)

कारण माझा मुद्दा हाच आहे. या मालिकांतलं सगळ्यांत मोठं भोक म्हणजे राक्षस एकेकटे येतात हे. आणि ते भोक खलनायकांच्या निष्ठेने पडतं. पूर्ण निष्ठा असलेल्या फौजेला चौघं मिळून जायला काहीच हरकत नसते, मग का जात नाहीत? याला एकच उत्तर, निर्मात्याकडे एका आठवड्यात राक्षसाचे चार पोशाख शिवायला पैसे नसतात. हे खरं असलं तरी कथेच्या आतलं उत्तर नाही.

निष्ठेची कमाल बघायची तर १९७१ चा कामेन रायडर बघा. शॉकर नावाची टोळी आहे. तिचा प्रमुख समोर येत नाही, नुसता आवाज येतो. त्याच्या हाताखाली बडे अधिकारी नेमले जातात, एक पडला की पुढचा. कर्नल झोल, मग डॉक्टर डेथ, मग अँबॅसडर हेल. प्रत्येकाचा शेवट एकाच नमुन्याचा, हरत आलं की स्वतःच राक्षस व्हायचं आणि मरायचं. झोल सोनेरी लांडगा होतो, डॉक्टर डेथ माखूळ, हेल विषारी साप. एकही जण म्हणत नाही, ‘साहेब, आधी तुमचं तोंड तरी दाखवा.’ मी नोकरीत तीन साहेबांखाली काम केलं, एवढी निष्ठा मला पगारवाढीच्या महिन्यातही जमली नाही.

आणि त्याच मालिकेत शॉकरने केलेला घोळ ऐका. नायक होंगोला पळवून आणतात. आधी त्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून अचाट ताकद देतात आणि मेंदू धुवायचं काम शेवटाला ठेवतात. तो साहजिकच मधेच पळतो, आतल्याच एका शास्त्रज्ञाच्या मदतीने. म्हणजे तिजोरीची किल्ली आधी द्यायची आणि मुलाखत नंतर घ्यायची. ९८ भागांचं भांडण या एका क्रमामुळे. मागून कुणीतरी हसलं, ते बहुतेक बँकेतले असावेत.

आता खरी गोष्ट. जायंट रोबोट आणि कामेन रायडर या दोन्ही मालिकांच्या लेखनात मुख्य हात होता मासारू इगामी यांचा. म्हणजे माझ्या लहानपणातला निष्ठावंत खलनायक बराचसा या एका माणसाच्या टेबलावरून आला. त्यांचा मुलगा तोशिकी इनोऊए. तोही याच धंद्यात, या दोन्ही मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीसाठीच लिहिणारा. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने मुख्य लेखक म्हणून एक मालिका सुरू केली, जेटमॅन. पक्ष्यांच्या पोशाखातले पाच जण, सुपर सेन्ताई परंपरेतले, म्हणजे रंगीत पोशाखात लढणाऱ्या पथकांच्या मालिकांतले. १९७५ च्या गोरेंजरपासून ही परंपरा सुरू झाली. जेटमॅननंतरच्या मालिकेतली लढायांची दृश्यं उचलून अमेरिकेने १९९३ मध्ये पॉवर रेंजर्स केलं. जेटमॅन एका वर्षाने हुकली, म्हणून इथल्या तरुण मंडळींना ती माहीत नाही. वडील १९९१ मध्येच गेले, मुलाची ही मालिका चालू असताना.

आणि मुलाने केलं काय? वडिलांच्या खलनायकांकडे जे एकच भांडवल होतं, ते काढून घेतलं. निष्ठा.

(चिठ्ठी आली. ‘१० मि. भजनी मंडळ ७ वा.’ बरं. पाच भोकांची यादी करून आणलीय, पळत पळत घेतो.)

व्हायराम नावाची टोळी दुसऱ्या मितीतून येते. तिला प्रमुखच नाही. चार सरदार आहेत, राडिगे, ट्रान, मारिया आणि ग्रे. सुरुवातीलाच ठरतं, की जेटमॅनना जो मारेल तो प्रमुख. झालं! एकेकटा राक्षस का येतो याचं उत्तर एका वाक्यात मिळालं. चौघांनी एकदम पाठवले आणि जिंकले, तर श्रेय कुणाचं? एकाचा राक्षस हरला की बाकीचे तिघं गालात हसतात. आमच्या वाड्यात हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी लिमलेटला दोष दिला नसता.

दुसरं भोक मारियाचं. ती मुळात माणूस, रिए नावाची. लाल जेटमॅन र्यू याची प्रेयसी आणि त्याच्याबरोबर लढायला निवडलेली. पहिल्या हल्ल्यात ती हरवते आणि मारिया होऊन समोर उभी राहते, थेट सरदारांच्या बरोबरीने. आजची कैदी उद्या गादीची दावेदार? लोक याला चूक म्हणतात. मी म्हणतो, मत फुटावं म्हणून आपणच डमी उमेदवार उभा करतात ना, तसं राडिगेने केलं. त्यानेच तिचा मेंदू फिरवला. हा माझा अंदाज, मालिका असं कुठे म्हणत नाही.

तिसरं, ट्रान. हे पोर. बाकीचे सरदार त्याला पोर म्हणूनच वागवतात आणि अपमान साठत जातो. मग तो एका झटक्यात मोठा होऊन ट्रान्झा होतो, सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. एवढी ताकद होती तर आधी का नाही? याला उत्तर नाही. पण त्याचा शेवट असा आहे, की मी भोक विसरतो. राडिगे त्याला मारत नाही. शुद्ध हिरावून घेतो आणि माणसांच्या जगात टाकून देतो. शेवटचं दृश्य मनोरुग्णालयातलं, लाळ गाळणारा एक अनोळखी रुग्ण. मुलांच्या मालिकेत, शुक्रवारी संध्याकाळी!

चौथं, ग्रे. तो यंत्रमानव, तरी वाइन पितो, सिगार ओढतो, मारियाचा पियानो ऐकतो. धूर जातो कुठे? ठाऊक नाही. पण चौघांत निष्ठावंत तेवढा हा एकच, आणि तीही गादीशी नाही, मारियाशी. तिला स्वतःची ओळख परत मिळते तेव्हा ती राडिगेच्या पाठीत वार करते. राडिगे तिला मारतो, ती ग्रेच्या हातात प्राण सोडते. मग ग्रे काळ्या जेटमॅनशी, म्हणजे गाई नावाच्या तरुणाशी, एकट्याने लढतो, हरतो आणि मरताना शेवटची सिगार ओढतो. ती पेटवून देतो गाईच.

आणि मारियाने केलेली ती जखम? शेवटच्या लढाईत राडिगेला काही म्हणता काही होत नसतं. मग पाठीवरची ती जागा सापडते आणि घाव तिथेच बसतो. ५१ भागांत व्हायरामचा खरा पराभव त्या एका सुरीने झाला.

पाचवं. जेटमॅनना शक्ती देणारे बर्डोनिक किरण अवकाशातल्या तळावर असतात. स्फोट होतो, किरण सुटतात आणि पृथ्वीवर चार जणांवर पडतात. एक शेतकरी, एक श्रीमंताघरची मुलगी, एक शाळकरी पोरगी, एक टवाळ. एवढी मोठी पृथ्वी, त्यात समुद्रच जास्त, आणि चौघंही जपानमध्ये, शोधायला गेलं की सापडतील अशा अंतरावर? हे मला तीस वर्षं बुजवता आलेलं नाही. फार तर रोबोटच्या घड्याळासारखं म्हणा, जो वेळेवर तिथे होता त्याला मिळालं.

पेटी आणि मृदंग दारात आलेत. सतरंजीच्या कडेचे लोक जरा आत सरका. गाई शेवटी कसा मरतो, तेही ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली चहाच्या टपरीवर या. जिंकल्यानंतर तीन वर्षांनी, मित्राच्या लग्नाला जाताना, एका भुरट्या पर्सचोराच्या सुरीने. नाही, चुकलं, हे इथे सांगायचं नव्हतं.