जुनी फळी, लहान ब्लेड

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करण्याआधी हा तुकडा पुढच्या रांगेतून मागे फिरवा. जड आहे, जपून. पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याच्या माडीवरची ही सागाची फळी, तिचं हे टोक. वरची बाजू पायांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. उलटी करून बघा, खाली करवतीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. एक माणूस वर, एक खाली, असे दोघांनी मिळून ओंडका चिरला, त्याच्या या खुणा. इतक्या जुन्या, घट्ट रेषांच्या सागाची फळी आज वखारीत सहज मिळत नाही. मिळालीच तर बहुतेकदा ती कुठल्यातरी पाडलेल्या घरातूनच आलेली असते. म्हणून माझं सगळं बोलणं एका काळजीतून आहे. माडीची जमीन उघडावी लागणार असेल तर जरूर उघडा, पण फळी पुन्हा जागेवर बसली पाहिजे.

जमीन उघडायची वेळ सगळ्यांवर येते. फळ्यांखालच्या कडीला, म्हणजे त्यांना पेलणाऱ्या आडव्या लाकडाला, वाळवी लागलेली असते, नाहीतर छतातली जुनी वायर बदलायची असते, नाहीतर मोरीचं पाणी झिरपून दोन फळ्या कुजलेल्या असतात. मग घरमालक मला सर्क्युलर सॉबद्दल, म्हणजे गोल फिरणाऱ्या ब्लेडच्या विजेच्या करवतीबद्दल विचारतात, "कुठली सर्क्युलर सॉ घेऊ? किती वॅटची?" वॅटचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. इंचभर जाडीची फळी कापायला बाजारातल्या कुठल्याही मशीनला पुरेशी ताकद असते. या कामात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: ब्लेड किती खोल जातं यावर तुमचा ताबा किती, आणि ब्लेड केवढं मोठं.

खोलीचं आधी सांगतो, कारण तो धडा मला महागात पडला. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. साताऱ्याकडच्या एका वाड्यात माळ्याची फळी कापायची होती. कडेची एक फळी मोजली, ती 28 मिलिमीटर भरली. मशीन तेवढ्यावर लावलं आणि कापत गेलो. मधल्या फळ्या 22 मिलिमीटरच्या होत्या, ते बघितलंच नाही. हातानं चिरलेल्या फळ्या एकाच खोलीतसुद्धा सारख्या जाडीच्या नसतात. फळी उचलली तेव्हा खालच्या कडीच्या पाठीवर 6 मिलिमीटर खोल सरळ चर दिसला. कडी मोठी होती, ती टिकली. पण त्या घरातल्या आजी शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी त्या चरावरून नुसतं बोट फिरवलं. ते बोट मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी प्रत्येक फळी वेगळी मोजतो. जिथे काप घ्यायचा, त्याच्या जवळच, पण खाली कडी नसेल तिथे, सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं, हलक्या हातानं, ड्रिल फळीच्या पार जाताच थांबायचं. मग टोकाला काटकोनात वाकवलेली तार आत सोडायची, फळीच्या खालच्या कडेला अडकवायची आणि वरच्या पृष्ठभागाशी तारेवर खूण करायची. ही झाली खरी जाडी. मशीन त्यापेक्षा एक मिलिमीटर कमी लावायचं. उरलेली पापडी पटाशीनं, म्हणजे लाकडाच्या छिन्नीनं, सुटते. खाली कडी असो, वायर असो, नाहीतर खालच्या खोलीचं छत असो, ब्लेड तिथवर पोचतच नाही. म्हणून मशीन घेताना दुकानात खोलीचा स्क्रू घट्ट आवळा आणि तळपट्टी, म्हणजे मशीन फळीवर ज्यावर टेकतं तो सपाट पत्रा, हातानं जोरात हलवून बघा. जरासुद्धा सरकली तर ते मशीन घेऊ नका. मशीनवर खोलीचे आकडे कोरलेली पट्टी असते, तिच्यावर भरवसा नको. ब्लेडचा दात तळपट्टीच्या खाली किती आला ते स्वतः मोजपट्टीनं मोजा.

आता ब्लेडचा आकार. ब्लेड गोल असतं, त्यामुळे काप वर लांब होतो आणि खाली आखूड. फळी आठ इंच, म्हणजे साधारण 200 मिलिमीटर रुंद आणि 25 जाड धरा. शेजारच्या फळीला ओरखडा न पडता काप घ्यायचा, तर वरचा काप 200 मध्येच संपवावा लागतो. 185 मिलिमीटरचं, म्हणजे आपलं सात इंची ब्लेड लावलं, तर प्रत्येक टोकाला सुमारे 63 मिलिमीटर लाकूड खाली न कापलेलं राहतं. फळी पूर्ण कापली जाते ती मधल्या 74 मध्येच. 136 मिलिमीटरचं ब्लेड घेतलं तर हे टोक 53 वर येतं. 110 च्या ब्लेडला 46. 85 मिलिमीटरच्या अगदी छोट्या मशीनला 39, पण ते जेमतेम पंचवीस-सव्वीस मिलिमीटर खोल जातं, जाड फळीला पुरत नाही. टोकाला उरलेलं लाकूड पटाशीनं काढायचं, किंवा ज्याचं पातं नुसतं थरथरतं त्या मल्टी-टूलनं. मोठ्या ब्लेडवाल्यांचा हात इथेच सुटतो. काप पूर्ण करण्याच्या नादात ते शेजारच्या दोन्ही फळ्यांवर अडीच-अडीच इंचांचे चरे पाडतात. ते चरे कधी भरून येत नाहीत. पुट्टी भरली तरी दोन पावसाळ्यांत उठून दिसतात.

म्हणून माझी पसंती बॅटरीवर चालणाऱ्या, पाच ते साडेपाच इंची ब्लेडच्या सर्क्युलर सॉला आहे. हातात हलकी, खोली पुरेशी, वायर पायात येत नाही. आणि घेताना पाहा, बटण सोडल्यावर ब्लेड पटकन थांबवणारा ब्रेक असावा, खालचं कव्हर आपोआप मिटणारं असावं.

या कव्हरवरून मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. आपल्याकडे सुताराच्या पिशवीत "कटर" म्हणून जे असतं, ते बहुतेक वेळा चार इंची मार्बल कटर असतं. त्यात फरशीचं ब्लेड काढून लाकडाचं दातेरी ब्लेड बसवतात. 110 चं ब्लेड, टोकाला 46 च राहतं, म्हणजे हिशेबानं चांगलं, असं कोणी म्हणेल. मी ते वापरू देत नाही. ते मशीन दगडासाठी बनवलेलं आहे. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे, म्हणजे दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ सत्तर मीटर. सात इंची सर्क्युलर सॉ साधारण साडेपाच हजार फेऱ्यांवर चालते. कटरचं कव्हर अर्धवट आणि घट्ट बसवलेलं, खालून ब्लेड कायम उघडं. बटण दाबून अडकवायची सोय असते, म्हणजे मशीन हातातून सुटलं तरी चालूच. जुन्या फळीत ताण साठलेला असतो, काप मध्येच मिटतो, ब्लेड चिमटीत सापडतं आणि मशीन उसळून अंगावर येतं. माझ्या ओळखीच्या दोन सुतारांच्या मांड्यांवर या कटरच्या खुणा आहेत. घरमालकांना माझी हात जोडून विनंती आहे: सुतार कटर घेऊन आला तर त्याला दिवसभरासाठी नीट सर्क्युलर सॉ भाड्यानं आणून द्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

ब्लेडचे दात कार्बाइडचेच घ्या, ज्याला दुकानात टीसीटी म्हणतात. सागात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. शिवाय जुन्या फळीत घडीव, चौकोनी खिळे असतात, डोकं गंजून लाकडात बुडालेलं. कापायच्या रेषेवरून आधी मोठं लोहचुंबक फिरवा. खिळे ज्या रेघेत सापडतील, त्या रेघेखाली कडी आहे. आपल्या वाड्यांतल्या कड्या रुंद असतात, त्यामुळे कडीच्या मध्यावर काप घेता येतो आणि दोन्ही तुकड्यांना खाली टेकू मिळतो. कडी अरुंद असेल तर तिच्या अगदी कडेला कापा आणि नंतर कडीच्या अंगाला लाकडी ठोकळा स्क्रूनं बसवून फळीला आधार द्या.

कापण्याआधी मेन स्विच बंद. जुन्या घरांत खालच्या खोलीच्या दिव्याची वायर याच फळ्यांखालून गेलेली असते, आणि ती कुठून कुठे गेली हे घरातल्या कुणालाच आठवत नसतं. बॅटरीचं मशीन असेल तर वीज बंद करूनही काम थांबत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. तोंडाला एन-95 मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिला पहिल्या गटात टाकलं आहे. सागाच्या धुळीनं तर कातडीही खाजते. त्यात फळ्यांखालची कित्येक वर्षांची माती आणि उंदरांची घाण.

ब्रिटिश काळातल्या बंगल्यांत, मुंबईच्या काही जुन्या इमारतींत फळ्या नर-मादी सांध्याच्या असतात, म्हणजे एकीच्या कडेची जीभ शेजारचीच्या खाचेत बसलेली असते. तिथे सर्क्युलर सॉ खरी कामाला येते. पंचवीसच्या फळीत जीभ साधारण मधोमध असते, म्हणून खोली सतरा-अठरावर लावायची आणि सांध्यावरून लाकडी पट्टी धरून लांबीभर सरळ काप न्यायचा. जीभ कापली जाते, खालपर्यंत जायची गरजच पडत नाही. एकच फळी आडवी कापायची असेल, तर मात्र मी सर्क्युलर सॉ बाहेर काढत नाही. मल्टी-टूल आणि पटाशी पुरते, वेळ लागतो तेवढाच.

उचलताना घाई करू नका. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा पहार थेट फळीखाली कधीच घालायचे नाहीत. आधी रुंद पटाशी, मग लाकडी पाचर, मग शेजारच्या फळीवर जाड पुठ्ठा आणि त्यावर पहार. एका खिळ्याजवळ बोटभर उचलायची, की पुढच्या खिळ्याकडे जायचं. फळी "कुईं" असा आवाज करते. तो आवाज फटकन तुटल्यासारखा झाला की थांबायचं, बाकीचा खिळा अंबूरनं काढायचा. सगळी फळी सुटली की तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलनं क्रमांक आणि बाण लिहायचा, बाण दाराच्या दिशेनं.

परत बसवताना खिळे ठोकू नका. खिळ्यांची जुनी भोकं असतात, त्यांतूनच पितळी स्क्रू पिळा, डोकी थोडी आत बुडवून. म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा वायर बदलायची झाली, तर तुमच्या मुलाला करवत आणावीच लागणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर पुरेल.