प्रवाळ लावणारे आणि प्रवाळ मोजणारे

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्र आणि प्रवाळ वाचवणाऱ्या संस्थांच्या पत्रकावर बहुधा एकच चित्र असतं: पाणबुड्या खडकाला प्रवाळाचा तुकडा चिकटवतोय. काम खरंच चाललेलं असतं. पण संस्था किती पाण्यात आहे, ते या चित्रावरून कळत नाही. लावलेल्यातलं जगलं किती, आणि तिथलं आधीचं प्रवाळ मेलं कशानं, हे विचारावं.

आधी लागवड घेऊ. फ्लोरिडातली कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन 2007 पासून हे करते आहे. त्यांची रोपवाटिका म्हणजे पाण्यात उभी केलेली नळ्यांची झाडं. बुंधा तळाशी घट्ट बांधलेला, शेंड्याला बोया. फांद्यांना बारीक नायलॉनच्या तारेनं बोटाएवढे तुकडे टांगतात. टांगल्यामुळे तुकड्याभोवती पाणी खेळतं, गाळ बसत नाही, प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायींना चढणं अवघड जातं. काही महिन्यांत तुकडा लावण्याजोगा होतो. मग खडकावरची जागा हातोडीनं, तारेच्या ब्रशनं घासायची आणि इपॉक्सीच्या गोळ्यांवर तुकडा घट्ट टेकवायचा. इथे घासण्यात कुचराई झाली, शेवाळाचा पातळ थर जरी राहिला, तरी इपॉक्सी खडकाला धरत नाही आणि पहिल्या मोठ्या लाटांत सगळं सुटून येतं. दुसरी चूक जास्त महाग: सगळे तुकडे एकाच वसाहतीचे, म्हणजे एकाच मूळ प्रवाळापासून तोडलेले, घेणं. मग एकच रोग सगळ्यांना पुरतो.

आणि सगळं बिनचूक केलं तरी पाणी तापलं तर? 2023 च्या जुलैत याच संस्थेनं फ्लोरिडातल्याच सोम्ब्रेरो रीफ या प्रवाळ खडकावरच्या लागवडीची पाहणी केली, तेव्हा तिथलं प्रवाळ शंभर टक्के मेलेलं निघालं. संस्थेनं ते स्वतःच जाहीर केलं, ही तिची जमेची बाजू.

अशा तापाची आगाऊ सूचना मिळते. अमेरिकेच्या नोआ या सरकारी समुद्र-हवामान संस्थेचा कोरल रीफ वॉच हा कार्यक्रम उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो. वर्षातल्या सर्वांत गरम महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा पाणी किमान 1 अंशानं तापलं, की ती जादा उष्णता बारा आठवड्यांच्या खात्यात जमा होते. दोन आठवडे 2 अंश जादा, म्हणजे बेरीज 4. चारला प्रवाळ पांढरं पडू लागतं, आठला मोठ्या प्रमाणावर मरू शकतं. हे आकडे सर्वांना खुले आहेत. ते चढत असताना लागवडीचे सोहळे करणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा.

प्रवाळाच्या मोजणीत रीफ चेक या संस्थेची पद्धत मला सर्वांत पटते, कारण ती स्वयंसेवकांना जमते. 100 मीटरची फीत अंथरायची. लगेच मासे मोजायचे नाहीत. बुजलेले मासे परतायला पंधरा मिनिटं द्यायची. मग 20 मीटरचे चार पट्टे, मध्ये 5 मीटर मोकळे. माशांची मोजणी फितीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. त्यानंतर दर अर्ध्या मीटरला दोऱ्याचा ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तेच लिहायचं: कठीण प्रवाळ, शेवाळ, वाळू, मोडतोड, जे असेल ते. अशा 160 नोंदी होतात. ओळंबा कशाला? नुसत्या नजरेनं ठरवलं तर नजर आपसूक सुंदर प्रवाळाकडे वळते आणि आकडा फुगतो.

काही संस्थांचं मुख्य काम तर किनाऱ्यावरच असतं. होंडुरासच्या रोआतान बेटावर कोरल रीफ अलायन्सनं स्थानिक पाणी संस्थेबरोबर घरांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला जोडायला हातभार लावला. मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, खडक झाकतं, आणि प्रवाळाच्या पिल्लांना टेकायला जागा उरत नाही. गटाराच्या जोडणीचं चित्र पत्रकावर फारसं कुणी छापत नाही. देणगी देण्याआधी संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र ते शोधा, आणि त्याशेजारी लागवडीनंतर वर्षभरानं जगलेल्या तुकड्यांचा आकडाही.