ताण जातो कुठे? : जुनी फोर बाय फोर घरी सांभाळताना

मित्रहो,

आजच्या विषयाची सुरुवात मी एका आवाजापासून करते. उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज येतो. रिव्हर्समध्ये टाकली की पुन्हा तसाच. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, वापरणाऱ्या बहुतेकांनी तो ऐकलेला असतो आणि ‘जुन्या गाडीत एवढं चालायचंच’ असे म्हणून सोडूनही दिलेला असतो. हा आवाज बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या लांब फिरत्या दांड्याच्या, क्रॉसचा असतो. क्रॉस म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर रांगेने उभे असतात. ग्रीस संपले की हे रोलर क्रॉसच्या टोकांवर चरे पाडतात आणि सांधा सैल होतो. गाडी सुरक्षित उभी करून शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला, तर ही ढिलाई डोळ्यांनी दिसते. ग्रीस गन लावताना चारही सीलांतून जुने काळे ग्रीस बाहेर पडून त्यामागून ताजे दिसेपर्यंत थांबू नये. ग्रीस तीनच बाजूंनी आले, तर चौथी वाटी कोरडी राहिली आहे आणि क्रॉस जाणार तो तिथूनच, असे समजावे.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचताना वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर ताण टाकत जाते. घरची देखभाल म्हणजे तो ताण पेलणारे सांधे धड ठेवणे. आणि गाडीत बदल करणे म्हणजे तोच ताण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवणे. तो कुठे जाऊन बसणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तो बदल तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताण म्हणजे किती, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. समजा इंजिन १५० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) देते, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आहे, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टकडे वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे, म्हणजे हळू पण जोरदार गिअरचे, २ आणि डिफरन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) ४.५. या तिन्हींचा गुणाकार ३६ होतो. म्हणजे घर्षणात जाणारा भाग सोडला तर ॲक्सलांपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसांपर्यंत, सुमारे ५,४०० न्यूटन-मीटर टॉर्क पोहोचू शकतो. मोकळ्या मातीत चाक घसरते आणि हा ताण तिथेच सुटतो. पण चाक दोन खडकांच्या बेचक्यात अडकले आणि चालकाने तरीही ॲक्सिलरेटर दाबत ठेवला, तर सुटायला जागा उरत नाही आणि साखळीतला सर्वांत कमजोर भाग तुटतो.

जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या ‘पार्ट-टाइम’ पद्धतीच्या, म्हणजे चारही चाकांना गरजेपुरतीच ताकद देणाऱ्या, असतात. १९४१ पासून मोठ्या संख्येने बनलेली विलिस जीप याच पद्धतीची होती. उलट १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये चारही चाकांना कायम ताकद मिळत असे आणि पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक पडू देणारे मधले डिफरन्शियल होते. पार्ट-टाइम गाडीत हे मधले डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, पण ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात हा फरक चाके घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो भरून निघत नाही आणि शाफ्ट पिळले जाऊ लागतात. स्टेअरिंग जड होते, गाडी अडकल्यासारखी चालते आणि शेवटी ट्रान्सफर केसचा दांडा फोर-व्हीलमधून बाहेरच येत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर लावू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी किंवा मोकळ्या मातीवर न्यावी. पीळ उलगडला की दांडा हलक्या हाताने निघतो. पुढची आणि मागची टायर वेगवेगळ्या मापाची किंवा फार वेगळ्या झिजेची असतील, तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठत जातो. म्हणून अशा गाडीत दोनच टायर नवी घालण्याची काटकसर मला पटत नाही.

पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे चाके शाफ्टपासून मोकळी करता येणारे हब, असतील, तर ते महिनोन्‌महिने मोकळे ठेवल्यास पुढच्या डिफरन्शियलमधले ऑइल वरच्या भागांपर्यंत उडत नाही. अधूनमधून हब लॉक करून, पण गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्येच ठेवून काही किलोमीटर चालवावी. पुढचा संच फिरतो, ऑइल सगळीकडे लागते आणि पीळही पडत नाही.

आता गाडीखाली जाण्याविषयी. इथे मी कोणाचीही घाई ऐकून घेत नाही. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. पेलायला स्टँडच हवेत आणि तेही कठीण, सपाट जमिनीवर. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एकच चाक उचलले, की डिफरन्शियलमुळे ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते. शाफ्ट जागचा हलत नाही, हँडब्रेक आपले काम चोख करत असतो आणि गाडी मात्र जॅकवरून घरंगळते. त्याचप्रमाणे ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअर टाकून ठेवलेली गाडीही जागेवर राहत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नये.

ऑइल बदलताना एक क्रम पाळावा: आधी भरण्याचा प्लग सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा प्लग गंजून बसलेला असतो. खालून सगळे ऑइल काढून टाकल्यावर तो उघडेना, तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर ती नेहमीची झीज असते. नखाला टोचणारे कपचे मिळाले तर आतले गिअर पाहावे लागतात. ऑइलची श्रेणीही गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच हवी. डिफरन्शियलच्या हायपॉइड (दाते एकमेकांवर घासत फिरणाऱ्या) गिअरांना जीएल-५ ही ऑइलची श्रेणी लागते, पण त्याच ऑइलातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये काही जुन्या गिअरबॉक्समधल्या, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मारक ठरू शकतात. ‘वरची श्रेणी म्हणजे अधिक चांगले’ हा हिशेब इथे चुकतो.

माझ्या स्वतःच्या गाडीने मला एक धडा दिला आहे. लांबचा चढ चढून आल्यावर मी तापलेली गाडी तशीच गुडघाभर पाण्यात घातली. गाडी पलीकडे व्यवस्थित गेली, काही बिघडल्याचे जाणवले नाही. पुढे काही आठवड्यांनी पुढच्या डिफरन्शियलचा प्लग उघडला, तर ऑइल काळे किंवा सोनेरी नव्हते. ते दुधी झाले होते आणि बोटावर घेतल्यावर फेसासारखे लागत होते. मी आधी ऑइल सीलला दोष दिला. सील मात्र ठीक होते. दोष होता हाऊसिंगवरच्या (डिफरन्शियलच्या कवचावरच्या) ब्रीदरचा, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या तोंडाचा: त्याचे छिद्र वाळलेल्या चिखलाने बुजले होते. तापलेले हाऊसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते. ब्रीदरमधून हवा आत येऊ शकली नाही, तर तीच ओढ सीलच्या कडेने पाणी आत घेते. ब्रीदर मोकळा असूनही पाण्याखाली गेला, तर तो स्वतःच पाणी ओढतो. म्हणून जुन्या गाडीत पहिला बदल करायचा झाला, तर मी हाच सुचवीन: दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना ऑइल सोसणारी नळी जोडून ती इंजिनाच्या कप्प्यात उंचावर नेऊन बांधावी आणि तिचे टोक खाली वळवून ठेवावे. पाण्यातून आल्यावर ऑइल तपासण्याचे काम मात्र त्यानंतरही सुटत नाही.

आता ज्या बदलाची सर्वांना ओढ असते त्याकडे वळते: मोठी टायर आणि उंच गाडी. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. व्यास ३० मिलिमीटरने वाढला, पण डिफरन्शियलखालची मोकळी जागा त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटरच वाढते. त्या बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी खरी ६२ ते ६३ च्या वेगाने धावते, गिअर चार टक्क्यांनी उंच होतात, ब्रेकला अधिक लांबीच्या तरफेशी झगडावे लागते आणि हाफ शाफ्टवरचा (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या शाफ्टवरचा) ताण वाढतो. एवढ्या फरकात गाडी निभावून नेते. माप त्याहून बरेच वाढवले, तर डिफरन्शियलचे गुणोत्तरही बदलावे लागते.

पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलून गाडी उचलली, तर बॉडी वर जाते. ॲक्सल होता तिथेच राहतो. अडथळ्याला घासणारे डिफरन्शियल खालीच असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लांब शॅकल (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी झुलती पट्टी) लावून उंची घेण्याची युक्ती स्वस्त वाटते, पण शॅकल ५० मिलिमीटरने लांब केले तर ॲक्सलपाशी उंची मिळते २५ मिलिमीटर, आणि पाट्याचे एक टोक सरकल्यामुळे ॲक्सल फिरतो. पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागचा कल, बदलतो आणि वळणानंतर आपोआप सरळ होणारे स्टेअरिंग भरकटू लागते. त्यावर ॲक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालतात. इथे खरी अडचण उभी राहते: कॅस्टर वाढवायला पाचर ज्या दिशेने घालावी लागते, त्याच दिशेने पिनिअनचे (डिफरन्शियलच्या शाफ्टला जोडलेल्या लहान गिअरचे) तोंड खाली जाते आणि शाफ्टचा कोन अधिक बिघडतो. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकमेकांची वेगातली चढउतार तेव्हाच पुसतात, जेव्हा दोन्ही टोकांचे कोन सारखे असतात. एरवी थरथर सुरू होते आणि आपण ज्या ‘टक्’ आवाजापासून निघालो तिथेच परत येतो. गाडी उचलल्यावर ब्रेकचे होज पाइप ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणले जात नाहीत ना, हे जॅकवर घेऊन प्रत्यक्ष पाहावे. अनेक ठिकाणी अशा बदलांना परवानगी लागते आणि विमाही त्यावर अवलंबून असतो. ती चौकशी सामान आणण्याआधी करावी.

गंजाबद्दल थोडक्यात सांगते. चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) लहान हातोडीने टकटक करत जावे. खणखणीत पत्रा वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. १९४८ पासूनच्या लँड रोव्हरांप्रमाणे ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी भागांना जोडलेली असेल, तर दोन धातू जिथे भेटतात तिथे पाणी साचून ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते, म्हणून मध्ये इन्सुलेशन हवे. जादा दिव्यांचा हिशेबही सरळ आहे: ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात, जुन्या स्विचमधून एवढा प्रवाह न नेता रिले (मोठा प्रवाह वेगळ्या वाटेने चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लावावा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेने कधीही उडवू नये, ओली करूनच पुसावी.

पाटे उतरवले असतील, तर पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने सांगितल्याप्रमाणे आवळावेत आणि काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. मी आवळलेल्या प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढते. पुढच्या वेळी गाडी धुताना टॉर्च घेऊन खाली वाकले, की कोणत्या नटावरची रेघ तुटली आहे ते लगेच दिसते आणि पाना आधी तिथे लागतो.