एस्टिमेट मागा, एम.बी. मागा

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल लागला की घरपट्टी भरायला आपल्या बेळगाव भागात रांगा लागतात. एप्रिलमध्येच भरली तर पाच टक्के सूट असते, त्यामुळे उन्हातान्हात उभं राहून आपण चलन भरतो आणि पावती कपाटात ठेवून देतो. या वर्षी ती पावती एकदा बाहेर काढा आणि नीट वाचा. मूळ कराच्या खाली उपकर असतात. आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षुकांच्या पुनर्वसनासाठी ३ टक्के. म्हणजे शंभर रुपये घरपट्टीवर आणखी चोवीस रुपये आपण देतो. हे पैसे आपले आहेत. पुन्हा सांगतो, हे पैसे आपले आहेत.

ग्रंथालय उपकराचा विषय निघालाच आहे तर एक बोलून टाकतो. इतकी वर्षं आपण हा उपकर भरतोय, मग प्रत्येक वॉर्डात संध्याकाळी उघडी असणारी एक वाचनाची खोली का नको? परीक्षेच्या दिवसांत पोरं देवळाच्या कट्ट्यावर दिव्याखाली अभ्यास करतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. चार टेबलं, पंखा, मराठी-कानडी-इंग्रजी पेपर आणि रात्री नऊपर्यंत उघडं दार, एवढंच पाहिजे. असो, मूळ विषयाकडे येतो.

आजचा विषय आहे आपल्या गल्लीत, आपल्या गावात होणाऱ्या कामांचा खर्च आणि त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा आपला हक्क. गणपती मंडळाचा जमाखर्च आपण किती बारकाईने बघतो! नारळ किती आले, मांडववाल्याला किती दिले, शिल्लक किती राहिली, सगळं विचारतो, आणि अहवाल छापला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी देताना बोलून दाखवतो. पण दारापुढे लाखांचं काँक्रीट ओतलं जातं, तेव्हा हीच माणसं गप्प का बसतात?

गप्प बसण्याचं एक कारण मला ठाऊक आहे आणि ते आपल्या भागापुरतंच आहे. प्रश्न विचारला की त्याला लगेच मराठी-कानडी असा रंग येईल, अशी भीती लोकांना वाटते. कागद कानडीत असतो, तो वाचता येत नाही, आणि वाचून दाखव म्हणायला संकोच वाटतो. म्हणून आज मी तुम्हाला एका गल्लीची गोष्ट सांगणार आहे. गावाचं नाव सांगत नाही. आपल्याच सीमाभागातलं गाव आहे, तिथे नगरपालिका आहे, आणि ती गल्ली माझ्या मावशीची आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच असायचो.

त्या गल्लीत एक आजी आहेत. ऐंशीच्या पुढच्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते. मामी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या घराला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. तीन पायऱ्या चढायच्या, मग कट्टा, मग उंबरा, मग सोपा, म्हणजे पुढची खोली. रस्ता मातीचा होता. पुढे खडी-डांबर पडलं आणि खालची पायरी बुडाली. काही वर्षांनी पहिलं काँक्रीट झालं आणि दुसरी पायरी गेली. रस्ता खरवडायचा नाही, जुनं फोडायचं नाही, वरून थर चढवायचा आणि नारळ फोडायचा. दर वेळी गल्लीने टाळ्या वाजवल्या, कारण चिखल गेला होता आणि तो आनंद खराच होता.

मग दुसऱ्यांदा काँक्रीट आलं. या वेळी तिसरी पायरी गेली आणि रस्ता थेट कट्ट्याला लागला. मामी संध्याकाळी कट्ट्यावर बसायच्या तेव्हा त्यांचे पाय लोंबकळायचे, आता गुडघे वर करून बसावं लागे. त्या म्हणायच्या, "रस्ता वर येऊलाय आणि आम्ही खाली चाललोय."

आपल्याकडचा जुलैचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. त्या जुलैत एका रात्री पाणी कट्टा ओलांडून मामींच्या सोप्यात शिरलं. शेतातून आलेली तांदळाची पोती भिंतीला लावून ठेवली होती, ती खालून भिजली. समोरच्या कानडी मास्तरांच्या घरात शिरलं, कोपऱ्यावरच्या शिकलगारांच्या दुकानात शिरलं. पाण्याने कुणाची भाषा विचारली नाही, की जात विचारली नाही. उतार उलटा झाला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळे मेंबरच्या घरी गेले. मेंबर म्हणाले, पाऊसच जास्त झाला. नगरपालिकेत गेले. तिथे म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला. पावसाळा संपला आणि अर्जही थंड झाला. आपल्या बहुतेक गोष्टी इथेच संपतात. ही संपली नाही, ती मामींच्या सुनेमुळे.

सून बैलहोंगलकडची. शिक्षण सगळं कानडी शाळेत झालेलं, मराठी या घरात येऊन शिकली. गल्लीतल्या बायकांची भिशी तीच सांभाळते, आणि वहीत एका रुपयाची चूक झाली तरी तिला झोप येत नाही. ती म्हणाली, "पाणी का आलं ते विचारून काय उपयोग अत्ती, रस्ता कसा करायचा ठरला होता ते विचारूया." तिने माहिती अधिकारात एक अर्ज लिहिला. त्यात दोनच कागद मागितले होते. एक, कामाचं एस्टिमेट. दोन, मेजरमेंट बुक, म्हणजे ज्याला ऑफिसात एम.बी. म्हणतात ते.

श्रोतेहो, हे दोन शब्द लक्षात ठेवा. एस्टिमेट आणि एम.बी. काय काय करायचं ठरलं होतं ते एस्टिमेटमध्ये असतं. काय काय केलं म्हणून मोजलं आणि कशाचे पैसे दिले, ते एम.बी.मध्ये असतं. लांबी, रुंदी, जाडी, सगळं. बिल निघतं ते एम.बी.वरून.

कागद आले. रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात गल्ली जमली. सून कानडीत एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. कोपऱ्यावरचे शिकलगारांचे थोरले चिरंजीव गवंडीकाम करतात, ते मापं समजावून सांगत होते. पहिलं कलम साफसफाई. ठीक. दुसरं कलम वाचून ती थांबली. मग पुन्हा वाचलं. "जुनं काँक्रीट फोडून, मलबा उचलून गावाबाहेर टाकणे." पुढे घनमीटर, पुढे दर, पुढे रक्कम. एम.बी.मध्येही तेच कलम, तेच माप, बिल झालेलं.

देवळात कुणीच बोलेना. शेवटी मामींनी विचारलं, "फोडलं कधी?"

फोडलं असतं तर पायरी बुडाली नसती! ब्रेकरची धडधड गल्लीत कुणी ऐकली नव्हती, मलब्याचा ट्रॅक्टर कुणी बघितला नव्हता. पण ऐकलं नाही, बघितलं नाही, हे कागदापुढे टिकत नाही. तिथे शिकलगारांनी शक्कल काढली. गटाराच्या चेंबरचं झाकण त्यांनी उचललं आणि टॉर्च आत मारला. चेंबरच्या कडेला रस्त्याचे थर उघडे दिसत होते. खाली मुरूम, त्यावर काळं डांबर, त्यावर एक काँक्रीट, त्यावर दुसरं काँक्रीट. जुना थर जागच्या जागी होता.

त्यांनी फोटो काढले आणि नव्या अर्जात कामाची प्रत्यक्ष पाहणी मागितली. हा हक्क फार कमी लोकांना माहीत आहे. माहिती अधिकार कायद्यात नुसते कागद मागण्याचा हक्क नाही. झालेल्या कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. पुन्हा सांगतो, पाहणीचा आणि नमुना घेण्याचाही हक्क आहे.

पाहणीला आलेला ज्युनियर इंजिनियर रायचूरकडचा तरुण मुलगा होता, नुकताच बदलून आलेला. आधीचं काम त्याच्या काळातलं नव्हतं. सगळी गल्ली जमलेली बघून तो जरा बिचकला. मामींनी त्याला आधी ताक दिलं. मग काठी घेऊन त्याच्याबरोबर चेंबरपाशी गेल्या आणि काठीच्या टोकाने एकेक थर दाखवला. सून बाजूला एम.बी.चं पान धरून उभी. कुणी आवाज चढवला नाही, कुणी मोबाईल नाचवला नाही. तो मुलगा बराच वेळ वाकून बघत होता. मग त्याने तिथेच पंचनामा लिहिला, थरांची जाडी टेपने मोजून लिहिली आणि गल्लीतल्या पाच जणांच्या सह्या घेतल्या. त्यात मामींची सही पहिली.

कंत्राटदाराची अनामत अजून नगरपालिकेकडे होती, दोष दुरुस्तीची मुदत संपलेली नव्हती. ती अनामत अडकली तेव्हा कंत्राटदार आला. मारुतीच्या देवळापासून कोपऱ्यापर्यंत रस्ता फोडला, थर उचलला, उतार नीट करून पुन्हा काँक्रीट केलं. मामींच्या दारात फोडताना एक काळी पायरी वर आली, अखंड. ती त्यांनी तशीच ठेवायला लावली. देवळाच्या पलीकडची अर्धी गल्ली अजून राहिली आहे, तिथल्या घरांत पाणी अजून शिरतं, आणि तिथल्या लोकांचा अर्ज चालू आहे.

ही गोष्ट सांगताना माझा वेळ बराच गेला, पण ती सांगायचीच होती. आता उरलेल्या वेळात कामाचं तेवढं सांगतो.

पहिला प्रश्न: हा रस्ता कुणाचा? बेळगाव शहरात हे विचारावंच लागतं. काही महापालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं निवडली, त्यात पुणे-सोलापूरबरोबर बेळगाव होतं, आणि ती कामं वेगळ्या कंपनीमार्फत झाली. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो नुसता फिरत राहतो.

दुसरं, अर्ज. दहा रुपये फी, प्रतीला पानामागे दोन रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय लिहायचा आणि तो दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि पुढे माहिती आयोग. आयोगाचं एक पीठ बेळगावात आहे.

आता भाषेचं. माहिती अधिकाराचा अर्ज कानडी, हिंदी किंवा इंग्रजीत करता येतो. कानडी येत नसेल तर हिंदीत लिहा, लिपी आपलीच आहे. साधी तक्रार किंवा निवेदन असेल तर घटनेचं ३५० वं कलम राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा हक्क देतं, म्हणजे मराठीतही. मराठीत कागद मिळावेत ही मागणी न्याय्य आहे आणि ती सोडायची नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत हिशेब विचारायचा थांबवायचा नाही. गल्लीत कानडी वाचणारं कुणीतरी असतंच. त्यांना बोलवा, शेजारी बसवा.

येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा पंचायतींच्या गावांतल्या श्रोत्यांसाठी वेगळं सांगतो. तुमच्याकडे ग्रामसभा आहे, आणि दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात जमाबंदी होते. जमाबंदी म्हणजे पंचायतीच्या वर्षभराच्या जमाखर्चाची लोकांसमोर तपासणी. अधिकारी येतात, दप्तर उघडतात, झालेली कामं जाऊन बघतात. त्या दिवशी गावात राहा. पंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, तारीख आधीच विचारून ठेवा.

शहरवाल्यांसाठी वॉर्ड समिती आहे. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सांगितलेलं आहे. आपल्या वॉर्डाची समिती कुठे बसते, कधी बसते, हे नगरसेवकांना विचारा. आणि या बैठका सकाळी अकराला ठेवू नका, असंही सांगा. अकराला कामावरची माणसं येऊ शकत नाहीत, आणि घरातल्या बायका तर मुळीच नाहीत, ज्यांना नळाला पाणी किती वाजता येतं ते सगळ्यांत जास्त माहीत असतं.

जाता जाता टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीबद्दल सांगतो. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या पाण्यासाठी ती खणली. खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. शंभर वर्षं झाली, तरी त्या विहिरीचा खर्च आपल्याला आण्यापर्यंत सांगता येतो, कारण अधिवेशनाची व्यवस्था बघणाऱ्या गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या पैशाचा हिशेब लिहून ठेवला.

तुमच्या गल्लीत पुढचं काम मंजूर झालं असेल तर काँक्रीटची गाडी यायच्या आधी एस्टिमेट मागा. काम झाल्यावर एम.बी. मागा. आणि रस्ता वर चढणार असेल तर उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर आजच मोजून, तारीख घालून, भिंतीवर लिहून ठेवा.

नमस्कार.